रोजच्या व्यवहारात ख्रिस्ती माणूस वेगळा कुठे पडतो?

गोदाकाठ (धागाकर्ता)

आमच्या मंडळीच्या तरुण संघात परवा एका मुलीने सरळच विचारलं, "आपण बोलतो मराठी, खातो भाकरी-कालवण, नाताळला करतो करंज्या आणि चकल्या. मग शेजारच्यांत आणि आपल्यात फरक काय? रविवारी ते बाजारात जातात आणि आपण चर्चला, एवढाच?" पाळकसाहेबांनी उत्तर दिलं, पण मुलांचं समाधान झालं नाही. म्हणून इथे धागा काढतोय. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. तुम्हाला बाहेरून काय दिसतं ते आम्हाला कळायला हवं.

आधी माझं मत मांडतो. नेवासे, राहुरी, शेवगाव या पट्ट्यात आमच्यासारखी घरं मिशनच्या काळापासून आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये निघालं. म्हणजे कित्येक पिढ्या झाल्या. तेवढ्या काळात आमची भाषा, जेवण, सुगीची घाई, दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची रीत, यातलं काही सुटलं नाही आणि सुटायचं कारणही नव्हतं. नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्त अभंगातच गायला. त्यांची पदं आमच्याकडे आजही पेटी-तबल्यावर होतात. तेव्हा वेगळेपण पोशाखात किंवा ताटात शोधणाऱ्याच्या हाती फार लागणार नाही.

मला ते व्यवहारात दिसतं, आणि तिथेच ते महाग पडतं. मी बांधकामाच्या साइटवर स्टोअर सांभाळतो. मुरूम, खडी, वाळू ब्रासवर येते. शंभर घनफुटांचा एक ब्रास. हायवा (डंपर) आला की टेप घेऊन वर चढायचं, हौदाची लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजायची, मग चलनावर सही करून रजिस्टरला नोंद घ्यायची. माल कडेपासून हातभर खाली आणि चलनावर मात्र हौद भरलेला, असं सर्रास चालतं. कधी माल वरून टोकदार दिसतो, पण फावडं मारलं की मधे पोकळ निघतो. सही करणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो आणि तो न मागता खिशात येतो. मी मोजलं तेवढंच लिहितो. एका साइटवर याच कारणाने मला लांबच्या कामावर टाकलं. मुलीची शाळा वर्षाच्या मधेच बदलावी लागली. बायको बोलली काही नाही, पण तिच्यावर काय ओझं पडलं ते मी पाहिलंय.

बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू शपथेविषयी बोलताना म्हणतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. सोमवार ते शनिवार माझा विश्वास या एका वचनावर तपासला जातो. प्रसाद घ्यावा की नाही, कुंकू लावावं की नाही, यावर आपल्या लोकांत तासन्‌तास वाद होतात. चलनावरच्या सहीवर होत नाहीत. माझ्या मते हे उलटं आहे.

रानजाई

मी हिंदू. आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

त्या घरातले काका गेले तेव्हा मी पहिल्यांदा ख्रिस्ती मयत जवळून पाहिली. रडणं होतंच, पण मधेमधे लोक गाणी म्हणत होते, आणि घरातली माणसंही त्यांत सूर मिसळत होती. काकूंच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, गळ्यातलं कुणी ओढून काढलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पुढे मुलाच्या लग्नात सगळ्यात पुढे त्याच होत्या. माझ्या मावशीला नवरा गेल्यावर घरच्या हळदीकुंकवातही आतल्या खोलीत बसावं लागलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, तरी ते अजून टोचतं. काकूंना पाहून वाटलं, असंही होऊ शकतं तर.

पण एक गोष्ट खुपते. मी गणपतीत मोदक घेऊन गेले तर त्यांनी हात जोडून "नको" म्हटलं. एरवी आमच्याकडची वाटी-वाटी भाजी नेतात. देवाचं नाव आलं की आमचं अन्न वाईट होतं का?

तिसरी घंटा

रानजाई, अन्न वाईट होत नाही. तुम्हाला वाईट वाटलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण नकारामागचं कारणही ऐकून घ्या. आम्ही एकाच देवाला आणि एकाच प्रभूला शरण गेलेली माणसं आहोत. दुसऱ्या देवतेला अर्पण केलेलं भक्तिभावाने स्वीकारणं म्हणजे त्या पूजेत सामील होणं, असं आम्ही मानतो. दहा आज्ञांतली पहिलीच ती आहे. यात तुमचा अपमान नाही. आम्ही कुणाचे, हे सांगण्याची ती जागा आहे.

गोदाकाठ, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण प्रसादाचा प्रश्न तुम्ही किरकोळ ठरवलात ते पटलं नाही. पहिल्या शतकांत आपल्या लोकांनी सम्राटाच्या पुतळ्यापुढे चिमूटभर धूप टाकला असता तर जीव वाचला असता. त्यांनी तो टाकला नाही. चिमूटभर धूपच तो, असं त्यांनी म्हटलं नाही. हळूहळू एकेक गोष्ट "काय बिघडतं" म्हणत सोडली की शेवटी हातात फक्त बाप्तिस्म्याचा दाखला उरतो.

मीठभाकर

रानजाईताई, आमच्या घरची रीत सांगते. शेजारच्या आजी दिवाळीला, गणपतीला फराळ करायच्या तेव्हा आमच्या आईसाठी एक डबा नैवेद्याआधीच भरून बाजूला ठेवायच्या. आईने त्यांना एकदाच समजावून सांगितलं होतं. पुढे त्यांच्या सुनेनेही तेच चालू ठेवलं. नाताळला आमच्या घरून त्यांच्याकडे करंज्या, आणि त्यांचा गुरुवार असेल तर केकऐवजी बिनअंड्याचं काहीतरी. कुणालाच ओशाळं व्हावं लागलं नाही. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हे असंच चालतं.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न सोडवून दिला आहे. १ करिंथ, अध्याय दहा. बाजारात जे विकतात ते खा, चौकशी करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर पानात वाढलेलं खा. पण "हे अर्पण केलेलं आहे" असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, आणि तेही ज्याने सांगितलं त्याच्यासाठी, त्याच्या मनासाठी. मला यातली नाजूकता फार मोलाची वाटते. पौल अन्नाला घाबरत नाही. समोरच्या माणसाच्या मनात काय जाईल याचा विचार करतो.

अभ्यासू

तिसरी घंटा आणि गोदाकाठ, तुम्ही दोघं एकाच पत्राची दोन टोकं धरून बसला आहात, म्हणून ते पत्रच मांडतो.

इ.स. ११२च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला ख्रिस्ती लोकांबद्दल लिहिलं. आरोपी ख्रिस्ती आहे की नाही हे तो कसं ठरवायचा? सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला आणि ख्रिस्ताची निंदा करायला लावायचा. खरे ख्रिस्ती हे करत नाहीत असं त्याने ऐकलं होतं. हट्ट न सोडणाऱ्यांना त्याने देहदंड दिला. तेव्हा धूपाची गोष्ट खरीच आहे.

पण त्याच पत्रात पुढे, हे लोक जमून करतात काय, तेही आहे. ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. कसली? चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही. शेवटचं कलम वाचा. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाची ओळख देण्याघेण्याच्या सचोटीत होती, आणि हे लिहून ठेवलंय त्यांना मारणाऱ्याने.

त्या मुलीच्या प्रश्नाला थेट लागू पडेल असं आणखी एक जुनं पत्र आहे, दिओग्नेत नावाच्या गृहस्थाला लिहिलेलं. लेखक अज्ञात, ग्रीक भाषेतलं, सर्वसाधारणपणे दुसऱ्या शतकातलं मानतात. त्याचा आशय असा: ख्रिस्ती लोक देशाने, भाषेने किंवा चालीरीतींनी इतरांहून निराळे नाहीत. त्यांची वेगळी शहरं नाहीत. जिथे राहतात तिथलाच पोशाख घालतात, तिथलंच खातात. सगळ्यांसारखी लग्नं करतात, मुलंबाळं होतात, पण जन्मलेलं मूल टाकून देत नाहीत. नकोशी मुलं, त्यातही मुली, उघड्यावर टाकणं तेव्हा तिकडे सर्रास होतं. ही मंडळी ते करत नव्हती आणि तेवढ्यानेच गावात उठून दिसत होती.

वसईवाला

आम्ही वसईचे कॅथलिक, कुपारी. आमच्याकडचं चित्र थोडं निराळं आहे. गावंच्या गावं ख्रिस्ती असल्यामुळे लहानपणी आपण वेगळे आहोत हे जाणवतच नाही. संध्याकाळी घरोघर जपमाळ म्हटली जायची, त्या वेळी गल्लीत आलेला पाहुणा दाराशीच थांबायचा. ते जाणवायला लागतं ते कॉलेजला किंवा नोकरीला लोकलने मुंबईत जायला लागल्यावर. डब्यात ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मटण नसतं, याचं पहिल्यांदा कुणीतरी कारण विचारतं. राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्साला (उपासनेला) जाऊन, कपाळावर राख घेऊन तसंच ऑफिस गाठलं की "कपाळाला काहीतरी लागलंय, पुसून टाक" म्हणून रुमाल पुढे करतात. मी पुसत नाही. विचारलं तर सांगतो की माती आहेस आणि मातीला मिळशील, याची ही आठवण. एका सहकाऱ्याने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी आठवणीने स्वतःहून विचारलं, "आज तुमचा तो राखेचा दिवस ना?"

आमच्याकडे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. आमचे पूर्वज वाड्या शिंपत इथेच राहिले आणि श्रद्धाही राहिली. ही श्रद्धा परक्या राजाच्या जोरावर टिकली असती तर त्याच वर्षी संपली असती, हे मी मुलांना नेहमी सांगतो. वसईतच १५५७मध्ये जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानमध्ये चांगला व्यापार करत होता. तो सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवून मारलं. १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. आमच्या मातीतला माणूस आहे हा.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले, आयुष्यभर मराठीत लिहिलं, बायबल सुबोध मराठीत आणलं. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून काही जणांनी विरोध केला. ते कुणाविषयी कडवट बोलले नाहीत. २०२४मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला सगळ्या समाजांचे लोक आले. ख्रिस्ती माणूस वेगळा कसा, असं मला कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

बांधावरून

सगळं वाचलं. आता जे कुणी लिहिलं नाही ते लिहितो.

आपण वेगळे पडतो ते नेहमी स्वतःच्या इच्छेने नाही. माझे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६मध्ये त्यात शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हा प्रश्न तपासायला केंद्राने २०२२मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गात धरतात. पण अनुसूचित जातीचा दाखला नाही म्हणून राखीव मतदारसंघ नाही, ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण नाही. गावाने मात्र आम्हाला कधी विचारलं नाही की तुम्ही आता कोणत्या कलमात बसता. माझ्या वडिलांना हॉटेलात कप वेगळा मिळायचा तो त्यांचा बाप्तिस्मा बघून मिळत नव्हता. कागद म्हणतो तुम्ही दलित नाही, गाव म्हणतं तुम्ही तेच.

ज्यांना सवलतीसाठी कागदावर एक आणि घरात दुसरं असं राहावं लागतं त्यांच्यावर मी दगड मारणार नाही. पण माझ्या वडिलांनी फॉर्मवर "ख्रिस्ती" लिहिलं आणि फीमाफी सोडली. गोदाकाठ, तुमच्या चलनावरच्या सहीसारखीच ही सही आहे. तिची किंमत आमच्या तीन भावंडांच्या शिक्षणाने मोजली.

आणि दुसरं. मंडळीच्या आत काय? लग्न जमवताना "मूळचे कोण" हे अजून विचारतातच ना? लक्ष्मीबाई टिळकांनी जातीचा विटाळ आधी मनातून काढला आणि बाप्तिस्मा नंतर, १९००मध्ये घेतला. आपण बाप्तिस्मा आधी घेतला आणि विटाळ काढायचं राहूनच गेलं. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, एका प्याल्यातून पिणारे सोयरीक करताना मागे सरतात. हे बदलत नाही तोवर बाहेरच्यांना वेगळेपण सांगायला मला जड जातं.

गोदाकाठ

बांधावरून, तुमचा प्रतिसाद तरुण संघात जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. सोयरिकीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आमच्या मंडळीतही. माझ्या मुलीचं बघायची वेळ येईल तेव्हा हा प्रश्न मी विचारणार नाही आणि कुणाला विचारू देणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

अभ्यासू, ठेवीचं कलम मला माहीत नव्हतं. आभार.

निरीश्वर

थोडं आडवं बोलतो, पण वाद घालायला नाही. मी देव मानत नाही. गोदाकाठ करतात ते मीही करतो. माझे वडील तलाठी होते, त्यांनी आयुष्यात पैसा खाल्ला नाही, आणि ते पक्के वारकरी. मग याला ख्रिस्ती वेगळेपण का म्हणायचं? चांगला माणूस म्हणा आणि पुढे चला.

गोदाकाठ

निरीश्वर, तुमच्या वडिलांना नमस्कार. प्रामाणिकपणा फक्त आमच्याकडे आहे असं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. माझ्या साइटवर सगळ्यात चोख माणूस आमचा मुकादम आहे आणि तो दर महिन्याला जेजुरीला जातो.

मी सांगतोय ते थोडं निराळं आहे. प्रामाणिक राहिलो म्हणून मी चांगला ठरत नाही, अशी आमची शिकवण आहे. देवासमोर माझा हिशेब मी चुकता करू शकत नाही, तो ख्रिस्ताने क्रुसावर चुकता केला आहे. तेव्हा चलनावर खरं लिहिणं हे पुण्य जमवणं नाही. कर्ज फिटलेल्या माणसाला पुन्हा खोट्या वहीत नाव घालावंसं वाटत नाही, एवढंच. आणि म्हणून ज्याने खोटी सही केली त्याला मी खालचा मानू शकत नाही. माझ्या जागी आलेल्या पोराने पहिल्याच आठवड्यात वाटा घेतला, त्याच्या घरी आजारी आई होती. मी त्याच्याशी बोलणं तोडलं नाही. खरं सांगायचं तर सही न करण्यापेक्षा हे मला अवघड गेलं.

मिरजेची सिस्टर

मी नर्स, मिरजेला शिकले. आमच्या ट्रेनिंगच्या काळात वॉर्डमध्ये सकाळची सुरुवात प्रार्थनेने व्हायची आणि लगेच बेडपॅनपासून काम. वयस्कर मेट्रन सांगायच्या की प्रार्थना झाली हे पेशंटला तुमच्या हातावरून कळलं पाहिजे. जखम धुताना घाई करणाऱ्या मुलीला त्या परत प्रार्थनेला बसवायच्या.

कामातून दिसणारा विश्वास बघायचा तर जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये दुष्काळी भागात काम सुरू केलं. गावातल्या कमी शिकलेल्या, कित्येक दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. वेगवेगळ्या जातींच्या बायका शिकायला आल्या की एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. सवर्ण बाळंतिणीच्या घरात दलित सेविका मूल हातात घ्यायला लागली. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं ख्रिस्ती श्रद्धेतून करतोय हे त्यांनी लपवलं नाही आणि उपचार घ्यायला आलेल्याला त्याचा धर्म कधी विचारला नाही.

क्षमेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्सनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारिपद्याच्या कुष्ठरुग्णांसाठी आणखी काही वर्षं तिथेच राहिल्या. मी तेव्हा नवीन नोकरीला लागले होते. हॉस्पिटलच्या मेसमध्ये बातमी वाचून एक डॉक्टर म्हणाले, हे माणसाच्या आवाक्यातलं नाही. आमच्या मेट्रन म्हणाल्या, नाहीच आहे, म्हणून तर आपण मागतो. माझ्या सख्ख्या जावेशी माझा अबोला होता, घराच्या वाटणीवरून. मला त्या बातमीनंतर तो धरून ठेवणं जमलं नाही.

स्टेअरिंग

मी शिकलेला कमी, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ड्रायव्हर आहे. आमचे शेठ दर एकादशीला देवळात जातात. वय झालंय, गुडघे गेलेत, माझा हात धरून पायऱ्या चढतात. आत गेल्यावर ते वाकले की मलाही वाकावं लागतं, नाहीतर ते पडतील. आमच्या चर्चमधला एक जण म्हणाला, तू मूर्तीपुढं झुकतोस, तुझं प्रभुभोजन बंद करायला पाहिजे. चार रविवार झोप नाही नीट. नोकरी सोडू का? शेठ माणूस चांगला आहे, मुलीच्या ऑपरेशनला पैसे दिले होते.

मीठभाकर

स्टेअरिंगदादा, नोकरी अजिबात सोडू नका. आधी बायबल काढा, दुसरे राजे, अध्याय पाच. अरामचा सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला नेमकं तुमचंच विचारतो. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा काय म्हणतो? शांतीने जा. एक शब्द जास्त नाही.

आणि अध्याय तिथे संपत नाही. अलीशाने नामानाकडून काही घेतलं नव्हतं. त्याचा चाकर गेहजी गुपचूप मागे धावत गेला, धन्याच्या नावाने थाप मारली, चांदी आणि कपडे आणून घरात दडवले. नामानाचं कोड गेहजीला लागलं. म्हातारा धनी सावरायला वाकलेल्याला शांती आणि खोटं बोलून पैसा घेणाऱ्याला कोड, दोन्ही एकाच पानावर आहे. तुमच्या त्या चर्चमधल्या भावाला हे पान वाचायला द्या.

तिसरी घंटा

दादा, मीठभाकर बरोबर सांगतात. तुम्ही पूजा करत नाही, माणूस सांभाळता. तुम्हाला प्रभुभोजनापासून अडवण्याचा अधिकार त्या गृहस्थाला नाही. पाळकांशी बोला आणि निश्चिंत मनाने या.

माझं मूळ म्हणणं मात्र कायम आहे. नामानाला ती गोष्ट सलत होती, म्हणून त्याने विचारली. आपल्यातल्या बऱ्याच जणांना सलतही नाही.

परीक्षार्थी

रविवारचा प्रश्न कुणीतरी घ्या. एमपीएससीची पूर्व परीक्षा रविवारी, इतर भरतीच्या परीक्षाही बहुतेक रविवारीच. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता भरत नाही. आपल्यासाठी वेळापत्रक बदलणार नाही. आजी म्हणते देवाचा दिवस मोडू नकोस. मी काय करू?

वसईवाला

परीक्षा द्या. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरतात. पश्चिम रेल्वेवर रविवारी जम्बो ब्लॉक असला की मुंबईला कामाला जाणारे कितीतरी जण तोच गाठतात. तुमच्या पाळकांना विचारा, पहाटेची किंवा आदल्या संध्याकाळची छोटी उपासना ठेवतील. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूचेच शब्द आहेत. आजींना सांगा, परीक्षेच्या आधी केंद्राबाहेर स्तोत्र वाचूनच आत जाईन. आणि खरोखर वाचा.

बांधावरून

परीक्षार्थी, अधिकारी झालास की इतर धर्मांच्या कर्मचाऱ्यांच्या सणाला रजा देताना ही अडचण आठव.

हरेगाव फाटा

उशिरा वाचतोय. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, श्रीरामपूर बाजूला. गोदाकाठांचं सहीचं वाचून विचारावंसं वाटलं, कारण माझ्यापुढे हे रोज येतं. गिऱ्हाईक पाइप, मोटार, केबल घेतं आणि म्हणतं, "शेठ, बिल नको, जीएसटी कमी करा." शेजारची दुकानं करतात. मी पक्कं बिल फाडतो. गिऱ्हाईक उठून जातं. मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेच्या दिवसांत हरेगावला एवढी गर्दी लोटते, सगळ्या जातिधर्माचे लोक येतात, तेव्हाही माझ्या काउंटरवर हाच संवाद. बायको म्हणते, निदान लहान मालाला तरी सोड. तुम्ही साइटवाले, तुमचा पगार ठरलेला. धंदेवाल्याने कसं करायचं ते सांगा.

गोदाकाठ

तुमचं माझ्यापेक्षा अवघड आहे, हे आधी मान्य करतो. मला दर तासाला नाही म्हणावं लागत नाही. मी एकच सांगू शकतो, आमच्या साइटचा माल घेताना मी पक्कं बिल देणारं दुकान बघतो, कारण ऑडिटला तेच लागतं. सरकारी कामं, शाळा, ट्रस्ट, बँकेच्या कर्जावर घर बांधणारे, यांना बिल लागतंच. त्यांच्याकडे जाऊन सांगा. उधारी कमी ठेवा. आणि लहान मालाचं वहिनींना समजावा की सोडायला एकदा सुरुवात केली की लहान कुठे संपलं ते दिसत नाही.

हरेगाव फाटा

शाळा आणि ट्रस्टचं डोक्यात आलं नव्हतं, उद्याच दोन ठिकाणी जातो. भावाचं दुकान माझ्यासमोरच आहे, तो बिनबिलाचं देतो. त्याच्याकडे गर्दी असते, माझ्याकडे कमी. रविवारी आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो.